गिरणीघरातला कवी

१२ सप्टेंबर १८४३

आला एकदाचा केप्लर! आमचे पाद्री रेक्टरसाहेब, त्यांच्या घरून मोलकरीण केझायानं आणला, टोपलीत अंड्यांच्या शेजारी ठेवून. वर मला म्हणते, "बाई, अंडी फुटली तर मला बोलू नका, त्या पुस्तकाला बोला." बारा सर्गांचं काव्य, आणि तेही एका ताऱ्यांच्या अभ्यासकावर! एडविननं गावच्या वाचन मंडळात (वर्गणीतून घेतलेलं पुस्तक घरोघर फिरतं, ते) त्याचं नाव सुचवलं तेव्हा म्हणे सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. सुचवलं एडविननं, सुचवायला लावलं मी. मंडळात बायकांना मत नाही, त्यासाठी भाऊ असावा लागतो. माझा भाऊ गावचा डॉक्टर आहे, आणि ज्याच्या हातून काढा प्यायचा त्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

रेक्टरसाहेबांनी पहिल्या दोनच सर्गांची पानं कापली आहेत. पुढची सगळी छापखान्यातून आली तशी, कडेला एकमेकांना चिकटलेली. आणि रविवारी चर्चच्या दारात मला सांगत होते, "मिस क्रॅडॉक, शेवट फार उदात्त आहे हो!" न कापता वाचला की काय? धन्य! मी टेबलाशी बसून भराभरा कापत सुटले. एडविन म्हणाला, "प्रिस, ती लोण्याची सुरी आहे." असू दे. तिसऱ्या सर्गाला जरा लोणी लागलं, बिघडलं काय?

१४ सप्टेंबर

पुस्तकावर कवीचं नाव नाही. पण कवी कोण ते सगळ्या गावाला ठाऊक आहे — गिरणीघरातले मिस्टर थ्वेट. पुरावे एक का दोन! लंडनच्या छापखान्यातून त्यांना पुडकी येतात. एक वाटेत फाटलं तेव्हा आत छापील कागद निघाले, गाडीवाल्यानं स्वतः पाहिले. (त्याला वाचता येत नाही, ते वेगळं.) बोटांना शाई. पावसात टोपी न घालता शेताच्या कडेनं मान खाली घालून हिंडतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिपायीवर ठेवलेली पितळेची दुर्बीण! केप्लरवर काव्य लिहिणारा दुसरा कोण असणार या गावात, कसाई?

अर्थात कोणी त्यांना तसं म्हणत नाही. माणसानं नाव घातलं नाही म्हणजे त्याला ओळख नको आहे, आणि नको असलेली ओळख तोंडावर दाखवणं हा असभ्यपणा. तेव्हा अळीमिळी गुपचिळी. गेले सहा महिने सबंध गाव त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतं आणि ते वळले की एकमेकांना कोपरानं ढोसतं.

१७ सप्टेंबर, रविवार

नववा सर्ग वाचला. प्रवचनाला गेले, पण कानात एक शब्द शिरला नाही.

केप्लरच्या म्हाताऱ्या आईवर चेटकीण म्हणून खटला भरलेला. तिला कोठडीत साखळीनं बांधलंय. मुलगा लांबून, गाडीच्या धक्क्यांनी अंग खिळखिळं करत येतो. त्याला वाटतं, तिला धीर द्यावा. तो तिला सांगायला लागतो की ग्रह कसे फिरतात ते मला कळलंय, आई, साऱ्या जगात कोणाला माहीत नाही ते मला माहीत आहे. आणि ती म्हणते, ते राहू दे रे, माझे मोजे कुठे ठेवलेस? पाय गारठलेत.

बस्स. तिथे मी पुस्तक मिटलं आणि ढसाढसा रडले. आमच्या आईची शेवटची तीन वर्षं अशीच गेली. मी तिला काहीही सांगितलं — एडविन परीक्षा पास झाला, राणीचं लग्न झालं — की ती मोजे मागायची. पायात असले तरी मागायची.

ज्यानं हे लिहिलं तो अशा खोलीत बसलेला आहे. त्याशिवाय हे कोणाला सुचायचं नाही.

१८ सप्टेंबर

कालचं वाचलं आणि जे लिहायला धजले नाही ते आज लिहिते. मला मिस्टर थ्वेट आवडतात. चाळिशी उलटलेल्या बाईनं असलं काही लिहू नये, पण ही वही कोण बघतंय! पूर्वी ते मला नुसते बरे वाटत. उंच, ओबडधोबड, बुटांना कायम चिखल, बोलायला लागले की प्रत्येक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा. आता कळलं की त्या विहिरीत एवढं पाणी आहे.

त्यांनी एकदा तरी मला सांगावं, "मिस क्रॅडॉक, ते माझंच आहे." सगळ्या गावात फक्त मला. मग मी त्यांना मोज्यांचं सांगेन. दुसरं काही नको आहे मला.

(खोटं. पण तूर्त एवढंच.)

२६ सप्टेंबर

आमची मुदत संपली. पुढचं घर मिस्टर थ्वेटांचं. केझाया पुस्तक देऊन आली. म्हणे, "ते हातात घेऊन बघत राहिले, बाई. मग मला विचारलं, मिस क्रॅडॉकनी पूर्ण वाचलं का? मी म्हटलं, वाचलं? पाठ केलंय! स्वयंपाकघरात कणीक तिंबताना म्हणत असतात. तर ते लाल झाले."

लाल झाले!

२९ सप्टेंबर, मायकेलमस

सणाचा हंस उत्तम भाजला गेला. मिस्टर थ्वेट जेवायला होते, शिवाय वकील टनिक्लिफ आणि त्यांच्या बाईसाहेब. मिसेस टनिक्लिफनं येताच माझ्या कानात सांगितलं, "अगं प्रिसिला, आज त्यांना जरा बोलतं कर ना. माझं तर पोट फुटायची वेळ आलीय."

मी सफरचंदाची चटणी पुढे करत सहज विचारल्यासारखं विचारलं, "केप्लर कुठवर आलाय, मिस्टर थ्वेट?" ते म्हणाले, "पहिल्या सर्गात." काय हा विनय! मी म्हटलं, "नववा आला की सांगा मला. त्यात माझा जीव आहे." त्यांनी काटा खाली ठेवला. "तुम्हाला हे काव्य फार... जवळचं आहे का?" मी म्हटलं, "रक्तात भिनलंय म्हणा ना." आणि कोठडीतल्या त्या चार ओळी म्हणून दाखवल्या. मिस्टर थ्वेट माझ्याकडे असे बघत होते की मला पुढच्या ओळी आठवेनात.

नंतर विषय बदलायला त्यांनी चिकणमातीचं काढलं. म्हणाले, पाण्याला आपली वाट ठाऊक असते, आपण फक्त त्याच्या आड यायचं नाही. मिसेस टनिक्लिफनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. सातव्या सर्गात ग्रहांबद्दल दुसरं काय म्हटलंय!

एडविननं हंसाचा दुसरा पाय खाल्ला आणि कशातच भाग घेतला नाही.

७ ऑक्टोबर

हवा छान. प्लमचा मुरंबा केला. बोटं अजून जांभळी आहेत.

११ ऑक्टोबर

मिस्टर थ्वेट दुर्बीण घेऊन वरच्या शेतात. भर दुपारी! मी भाकर द्यायला म्हाताऱ्या गिब्जकडे निघाले होते, वाटेवरून पाहिलं. एक डोळा मिटून बघताहेत, आणि समोर त्यांचा गडी उंच काठी धरून उभा. दुपारी कसले तारे दिसतात? विचारलं तर म्हणाले, "उतार बघतोय." घरी येऊन मिसेस टनिक्लिफला सांगितलं. ती म्हणाली, "सोंग गं ते! कवी दिवसा जमीन मोजायचं सोंग घेतात, म्हणजे रात्री कोणी त्रास देत नाही."

तिला फार कळतं अशातला भाग नाही, पण हे पटलं.

२३ ऑक्टोबर

दवाखान्याच्या भिंतीला गेली दहा वर्षं ओल आहे. आज मिस्टर थ्वेट ती बघायला आपणहून आले. परसात गुडघ्यावर बसून माती हातात घेतली, कुस्करली, चक्क नाकाशी नेली. मग दोन गडी आणून चर खणला आणि त्यात मातीच्या नळ्या पुरल्या. एडविन खूश. केझाया नाखूश, तिच्या कोबीच्या वाफ्यातून चर गेला. "कवी म्हणे कवी," म्हणाली, "याच्यापेक्षा डुक्कर बरं, ते एका जागीच उकरतं."

चहाला थांबले. मी विचारलं, "कवीला आपलं काव्य लोक वाचतात हे बघून काय वाटत असेल हो?" ते चहात चमचा फिरवत राहिले. म्हणाले, "ते तुम्हीच सांगा." मी म्हटलं, "मला वाटतं, त्याला भीती वाटत असेल. आणि कोणीतरी एकानं तरी नीट वाचावं असं वाटत असेल." "मग मी नीट वाचेन," ते म्हणाले.

किती सुंदर रीतीनं विषय टाळला! आत येताना चिखलाचे बूट पुसायला विसरले होते, मीच नंतर फरशी पुसली. गंमत म्हणजे मला राग आला नाही.

६ नोव्हेंबर

पाच नोव्हेंबरची दरवर्षीची होळी, पण काल रविवार होता म्हणून आज पेटली. सगळं गाव माळावर. मिस्टर थ्वेटांनी मला भाजलेला बटाटा आणून दिला, रुमालात गुंडाळून. हात पोळले. आनंदात आहे.

१३ नोव्हेंबर

मंडळाची मुदत टळून गेली तरी मिस्टर थ्वेटांनी केप्लर परत केला नाही. दंड भरतात आणि ठेवून घेतात. मंडळाचे चिटणीस आमचे वकीलसाहेब. ते एडविनला म्हणाले, "आजवर कोणी कादंबरीसाठीसुद्धा दंड भरला नाही. आपलंच लेकरू मांडीवरून उतरवत नाहीये गृहस्थ!" दोघे खो खो हसले. एरवी मीही हसले असते.

२६ नोव्हेंबर, ढवळण्याचा रविवार

चर्चमधून आल्यावर नाताळचं पुडिंग ढवळलं. मिस्टर थ्वेट आले होते. घरातल्या प्रत्येकानं एकदा पळी फिरवायची, पूर्वेकडून पश्चिमेकडे, आणि मनात काहीतरी मागायचं. त्यांनी उलटी फिरवली. केझाया ओरडली, "अहो, सैतानाला बोलावताय काय!" बिचारे ओशाळले. म्हणाले, "आमच्याकडे हे कधी केलं नाही. मला काकांनी वाढवलं. आई मी पाळण्यात असतानाच गेली."

माझ्या हातातलं मनुकांचं भांडं तसंच राहिलं.

पाळण्यात असताना? मग नववा सर्ग?

२७ नोव्हेंबर

विचार केला. कवीला सगळं स्वतः भोगावं लागतं थोडंच? कल्पनाशक्ती म्हणून काही आहेच की. पाचव्या सर्गात केप्लर मंगळाची वाट वर्तुळ धरून कित्येक वर्षं मोजतो, आणि केसाएवढा फरक राहतो म्हणून सगळं गणित फेकून देतो. तो मोठा माणूस. मी प्रिसिला क्रॅडॉक. केसाएवढ्या फरकासाठी मी माझं वर्तुळ मोडणार नाही.

पण झोप नीट लागली नाही हे खरं.

९ डिसेंबर

केप्लर शेवटी मंडळाकडे परत गेला. वाटेत आमच्या घरी क्षणभर थांबला, मी उघडून पाहिला. शेवटच्या सर्गापर्यंत हाताळलेला! नवव्यात पानाच्या कोपऱ्यावर चिखलाचं बोट उमटलंय, आणि तेही मोज्यांच्याच ओळीशी.

आता वर्षाअखेरचा लिलाव. नियम जुना आहे: वर्षभर फिरलेली पुस्तकं वार्षिक जेवणाच्या वेळी 'काळा बैल' खानावळीत सभासदांमध्ये विकायची. ज्या पुस्तकावर कोणी बोलीच लावली नाही, ते ज्यानं सुचवलं त्याच्या गळ्यात, अर्ध्या किमतीत. केप्लर सुचवला एडविननं. म्हणजे सगळे गप्प राहिले तर केप्लर या घरात येईल, कायमचा! आजवर माझं स्वतःचं असं एकच पुस्तक आहे, आणि ते प्रार्थनेचं.

मनातल्या मनात उड्या मारल्या. मग आठवलं, मिस्टर थ्वेट सभासद आहेत. ते तिथेच बसलेले असणार. टनिक्लिफ हातोडी उचलणार, आणि टेबलभर शांतता. कोणी खाकरणार. कोणी म्हणणार, घ्या डॉक्टर, तुमचं पाप तुमच्या पदरात. आणि ते ऐकत बसणार.

नको. मला नको तसला केप्लर.

१० डिसेंबर, रविवार

एडविनला सांगितलं. "तू पहिली बोली लावायची. मोठ्यानं. आणि आवडलं म्हणून घेतो असं तोंडानं म्हणायचं." तो म्हणाला, "पण थांबलो तर अर्ध्यात मिळेल ना?" मी म्हटलं, "एडविन!" तो म्हणाला, "बरं बरं."

माणूस चांगला आहे. फक्त दर वेळी 'एडविन' म्हणावं लागतं.

२५ डिसेंबर

पुडिंगाला भेग नाही! दवाखान्याची भिंत खडखडीत कोरडी!

४ जानेवारी १८४४

आज ते जेवण. एडविनचा गळपट्टा बांधताना पुन्हा बजावलं. "पहिली बोली, मोठ्यानं," तो पाठ म्हटल्यासारखा म्हणाला. मी शिवण घेऊन बसलेय आणि तोच टाका तीनदा उसवलाय.

५ जानेवारी

मेले मी! एडविन सूप संपायच्या आतच जेवणावरून उठला. कुंभाराच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. मुलगा झाला, दोघं ठणठणीत, आणि पहाटे घरी येऊन हा मला म्हणतो, "बोली? अरेच्चा!"

बाकीचं सगळं सकाळी मिसेस टनिक्लिफकडून कळलं. तिला नवऱ्यानं सांगितलं आणि तिनं मला टोपी काढायच्या आधीच सांगायला सुरुवात केली.

"केप्लरचं नाव पुकारलं, अगं, आणि कोणी चमचासुद्धा हलवेना. रेक्टरसाहेब छताकडे बघताहेत. आमचे हे म्हणाले, डॉक्टर नाहीत, तेव्हा त्यांच्या माघारी त्यांच्याच नावावर... तेवढ्यात थ्वेट उठून उभे! उभे राहून बोली! किंमत ऐकशील तर खुर्चीत बसशील. तेवढ्यात चांगली दुभती गाय आली असती. आणि विरुद्ध कोणी नाही, बरं का! एकटेच. आमचे हे म्हणाले, सर, आपल्याला एवढं चढवायची गरज नाही. तर म्हणतात, 'याहून कमी दिलेलं मला बघवणार नाही.' बाई गं! स्वतःच्याच पुस्तकाबद्दल! रेक्टरसाहेबांना ठसका लागला. आपला तो बाब्या म्हणतात ना, ते हेच. आता सगळं गाव हसतंय."

मला हसू आलं नाही. मला त्यांच्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका माणसानं आपल्या मनातलं असं भर सभेत उघडं टाकावं, आणि ते कोणी झाकूही नये!

एडविनशी दिवसभर बोलले नाही. त्याच्या ते संध्याकाळी लक्षात आलं.

६ जानेवारी, शनिवार

काय लिहू?

ते दुपारी आले. कोट नवा, बूट चक्क स्वच्छ. हातात केप्लर. उभ्या उभ्याच पुढे केला. म्हणाले, "हे तुमच्याकडेच असायला हवं." मला वाटलं, आता! आता सांगणार. मी धीर एकवटून दौत-लेखणी पुढे ठेवली आणि म्हटलं, "मग एक उपकार करा. जिथे नाव नाही तिथे नाव घाला."

त्यांनी लेखणी घेतली. पहिलं कोरं पान उघडलं. मी म्हटलं, "तिथे नाही. पुढे. शीर्षकाखाली. कवीचं नाव." ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मिस्टर थ्वेट, सगळ्या गावाला माहीत आहे. गेले कित्येक महिने माहीत आहे. मलाही. ते तुम्ही लिहिलंय."

"मी?" ते म्हणाले. "मी नाल्यांवर लिहितो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पुडकी नाल्यांची. छापील कागद नाल्यांचे: भारी जमिनीतलं पाणी मातीच्या नळ्यांनी कसं काढावं, आकृत्यांसह. ती दुर्बीण ताऱ्यांची नव्हेच, तिच्यातून जमीन किती तिरकी आहे ते कळतं. सगळं अगदी खरं बोलत आले होते बिचारे पहिल्या दिवसापासून. दुपारी उतार बघतोय म्हणाले, तर उतारच बघत होते!

आणि मी काय केलं? हसायला हवं होतं. मी म्हटलं, "म्हणजे मोज्यांचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही." त्यांनी तोंड उघडलं, पण मी ऐकायला थांबलेच नाही. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, पिठाच्या डब्याकडे तोंड करून. जरा वेळानं दार लागल्याचा आवाज आला. टोपी खुंटीवरच विसरले, आणि केप्लर टेबलावर.

केझाया म्हणाली, "कवी नाही म्हणून रडताय? बाई, परसातलं पाणी कवीनं नसतं काढलं."

तिला काय सांगू, मी कोणासाठी रडतेय. सप्टेंबरपासून माझ्याजवळ एक माणूस होता, ज्याला माझ्या घरातली ती खोली माहीत होती. तो माणूस आज दुपारी नाहीसा झाला. आणि दुसरा एक, बटाटा रुमालात गुंडाळून आणणारा, त्याला मी काहीही कारण नसताना घालवून दिलं.

७ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये त्यांची जागा रिकामी. एडविननं आज आपणहून चहा केला. भयंकर होता. सगळा प्यायले.

८ जानेवारी, नांगराचा सोमवार

सकाळी प्रथेप्रमाणे गावातली पोरं नांगर ओढत, डबे बडवत दारावरून गेली. त्या गलक्यात बघते तर फाटकात मिस्टर थ्वेट. टोपी न्यायला आले होते. मी दिली. ती हातात धरून तसेच उभे.

म्हणाले, "दोन दिवस विचार करतोय. माझं डोकं सावकाश चालतं. तुम्ही म्हणालात, ते काव्य मी लिहिलंय. म्हणजे तुम्ही लिहिलेलं नाही."

"मी!"

"मी तर तेच धरून चाललो होतो. तुम्हाला ते सगळं पाठ. दर वेळी मला विचारायचात, वाचलं का, कसं वाटलं. म्हणून पुरं वाचलं, दोनदा. झोप यायची, खरं सांगतो. पण नववा सर्ग आला आणि शंकाच उरली नाही. तुम्ही आईचं किती केलंत ते गावात सगळ्यांनी सांगितलंय मला. म्हटलं, हे मोजे त्या खोलीत बसलेल्या बाईशिवाय कोणाला सुचायचे नाहीत. असं पुस्तक बोलीवाचून कोणाच्या गळ्यात पडलेलं मला बघवलं नसतं."

मी म्हटलं, "मग आता हो? दोघांतलं कोणीच कवी निघालं नाही."

"बरंच झालं," ते म्हणाले. "सप्टेंबरपासून लग्नाचं विचारायचं होतं. एवढ्या मोठ्या कवयित्रीला विचारायचा धीर होत नव्हता."

हो म्हटलं. डबे एवढे वाजत होते की दोनदा म्हणावं लागलं.